पोस्टच्या मर्यादेवर तुमचा आक्षेप: स्त्री, महाराष्ट्र आणि २८०

नमस्कार. पोस्टला, एक्सवर असते तशी, कडक मर्यादा हवी, असं मी मूळ लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया थोडक्यात अशी: ‘पोस्टला कडक मर्यादा हवी हे इंग्रजीच्या सोयीचं मत आहे. तुम्ही २८० अक्षरं म्हणता, पण मराठीत निम्मी जागा काना-मात्रा-वेलांट्याच खातात. मर्यादाच काढून टाका. ज्याला कंटाळा येईल तो वाचणार नाही.’

पहिला मुद्दा अर्धा मान्य. दुसरा अजिबात नाही.

आधी मोजणी. एक्स, म्हणजे पूर्वीचं ट्विटर, अक्षरं मोजत नाही, युनिकोडची (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीची) चिन्हं मोजतं. ‘स्त्री’ आपल्या लेखी एक अक्षर, तिथे सहा: स, हलन्त, त, हलन्त, र, दुसरी वेलांटी. ‘महाराष्ट्र’ चार अक्षरांचा, मोजणीत दहा. ‘दुसऱ्या’मधला र तर आणखी खोडकर. कीबोर्डप्रमाणे तो दोन तऱ्हांनी उमटतो; एकीत शब्द ७ चिन्हांचा, दुसरीत न दिसणाऱ्या जोडचिन्हामुळे ८ चा.

हे पाहून लुटल्यासारखं वाटतं खरं, पण तेच वाक्य इंग्रजीत लिहून शेजारी ठेवा. ‘आज सकाळी पाणी आलं नाही.’ मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून २३. ‘नो वॉटर केम धिस मॉर्निंग.’ रोमन लिपीत २७. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यात बरीच जागा वाचते. जोडाक्षरांनी ठासलेलं सरकारी मराठी लिहिलं तर मात्र तोटा होतो. त्यावर उपाय मर्यादा वाढवणं हा नव्हे.

खरा अन्याय पाहायचा तर एसएमएस पाहा. एका संदेशात १४० बाइट मावतात (एका बाइटमध्ये ८ बिट). इंग्रजी अक्षर ७ बिटांत बसतं, म्हणून १६०. देवनागरी चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून ७०. एकाहत्तरावं चिन्ह आलं की संदेशाचे दोन भाग पडतात, आणि ते भाग जोडण्याच्या माहितीलाच ६ बाइट जात असल्याने प्रत्येकात ६७ चिन्हंच उरतात. इंग्रजी संदेशात एक ‘श्री’ घातलात तरी तो सगळा संदेश या दुसऱ्या हिशेबात जातो. इथे तुमची तक्रार शंभर टक्के लागू आहे.

आता ‘मर्यादाच काढा’. काढून ती जात नाही, फक्त कात्री दुसऱ्याच्या हातात जाते. फेसबुकवर ६३,२०६ चिन्हांपर्यंत लिहिता येतं, इन्स्टाग्रामच्या कॅप्शनला २,२०० ची मुभा आहे. पण वाचणाऱ्याला आधी दिसतात सुरुवातीच्या काही ओळीच. इन्स्टाग्रामवर साधारण १२५ चिन्हं. पुढे ‘आणखी पाहा’. ते किती जण दाबतात, तुम्हीच सांगा.

मराठीत हे विशेष महागात पडतं, कारण आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘सोमवारी जिल्ह्यातल्या सर्व शाळा बंद राहणार असल्याची जी बातमी फिरते आहे ती खरी नाही.’ ‘आणखी पाहा’ची घडी ‘बंद राहणार’नंतर पडली तर खुलासाच अफवा होऊन पसरतो. इंग्रजीत नकार बहुधा आधी येतो, त्यामुळे तिथे हा धोका कमी. मुळातच जागा आखलेली असेल तर लिहिणारा स्वतः उलटं लिहील: ‘सोमवारी शाळा सुरू. बंदची बातमी खोटी.’ छाटायचं काय, हे त्याने ठरवलं.

यंत्राची कात्री याहून आंधळी. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर साठवण्याच्या सर्वांत रूढ पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. प्रोग्रॅमने बाइट मोजून कापलं तर शेवटी चौकटीतलं प्रश्नचिन्ह उरतं. चिन्हं मोजून कापलं तर ‘प्रत्येक’चं ‘प्रत्’ होतं. म्हणून ‘कडक’ म्हणजे पाठवण्याआधी अडवणारी, उरलेली जागा टाइप करतानाच दाखवणारी मर्यादा. पाठवल्यानंतर कापणारी नव्हे.

आकडा किती असावा, यावर तुमच्याशी भांडण नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये ट्विटरनेच सांगितलं होतं की इंग्रजी ट्विटपैकी ९ टक्के तेव्हाच्या १४० चिन्हांच्या मर्यादेला टेकतात, जपानीत जेमतेम ०.४ टक्के. म्हणून चिनी, जपानी, कोरियन अक्षरं दुप्पट मोजली गेली आणि त्यांना १४० च राहिले. बाकीच्यांना, मराठीसह, २८०. २८० च्या चाचणीत मर्यादेला टेकणारी इंग्रजी ट्विट १ टक्क्यावर आली, आणि १९० च्या पुढे गेली फक्त २ टक्के. जागा दुप्पट झाली तरी लोकांनी ती भरली नाही. शंभरातल्या एखाद्यालाच टोचावी, एवढी मर्यादा मला पुरे वाटते.

मोजायचं मात्र अक्षर, चिन्ह नव्हे. एक्ससारख्याच मास्टोडॉनचे मूळचे ५०० आणि ब्लूस्कायचे ३०० असेच अक्षरगटांनी, म्हणजे एकत्र दिसणारी चिन्हं एक धरून, मोजले जातात. त्यातही मेख आहे: युनिकोड १५.१ (२०२३) पासूनच्या नियमाने ‘स्त्री’ एक गट, त्याआधीच्या नियमाने तीन. स्वतःच्या साइटवर प्रतिक्रियेची चौकट बनवणाऱ्यांनी ‘मॅक्सलेंग्थ’वर (एचटीएमएलमधल्या लांबीच्या मर्यादेवर) विसंबू नये, ते चिन्हंच मोजतं (आणि बहुतेक इमोजी निदान दोन धरतं). जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल.सेगमेंटर’ हे अक्षरगट पाडणारं साधन वापरा आणि सर्व्हरवरही त्याच नियमाने मोजा. नाहीतर चौकट ‘१२ शिल्लक’ म्हणते आणि सर्व्हर पोस्ट नाकारतो.

मूळ लेखात ‘२८० अक्षरं’ असं छापलं होतं. ती चूक तुमच्यामुळे लक्षात आली; तिथे आता ‘२८० चिन्हं’ केलं आहे.