‘गुन्हाच केला नाही तर पोलीस कशाला धरतील?’

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळांच्या) ट्रान्स लोकांचा, म्हणजे जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा ज्यांची ओळख वेगळी आहे अशांचा, विषय निघाला की हा प्रश्न कुणीतरी टाकतंच. त्याला दोन शेपट्या असतात: कुणी त्रास दिला तर पोलिसांकडे जावं, आणि तुरुंगात तर त्यांची खास सोय होते.

आधी मूळ प्रश्न. न्यूयॉर्कमध्ये 1976 पासून कायदा होता की वेश्याव्यवसायाच्या ‘हेतूने’ रस्त्यात रेंगाळणं हाच गुन्हा. हेतू ओळखणार कोण? गस्तीवरचा पोलीस. 2013 साली मॅनहॅटनच्या कोर्टात आलेल्या एका प्रकरणात पोलिसाने बाईचे कपडेच नोंदवले होते: काळा कोट, पायांचा आकार दिसेल अशी तंग जीन्स, जाड तळव्यांचे बूट. असे कपडे कुठल्याही फॅशन मासिकात दिसतात, म्हणत न्यायाधीशांनी प्रकरण फेटाळलं. अटक मात्र होऊन गेली होती. पकडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो बायकाच जास्त, आणि ट्रान्स बायका तर हमखास. लोक त्याला ‘वॉकिंग व्हाइल ट्रान्स’, म्हणजे ‘ट्रान्स असून रस्त्याने चालण्याचा’ कायदा म्हणत. तो रद्द व्हायला फेब्रुवारी 2021 उजाडलं.

पोलिसांकडे जावं, ठीक. सीसी मॅकडोनल्ड ही कृष्णवर्णीय ट्रान्स तरुणी. जून 2011 मध्ये मिनियापोलिसच्या एका बारबाहेर तिला रंगावरून, लिंगावरून शिव्या घातल्या गेल्या, तोंडावर काचेचा ग्लास बसून गाल फाटला. झटापटीत समोरचा एकजण मेला. त्या रात्री अटक झाली ती तिला. शिक्षा 41 महिने, तीही पुरुषांच्या तुरुंगात.

आता ती खास सोय. कुठल्या ट्रान्स कैद्याला पुरुषांच्या तुरुंगात ठेवायचं, कुणाला बायकांच्या, हे प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करून ठरवा, असा अमेरिकी केंद्र सरकारचा नियम 2012 मध्येच झाला होता. एनबीसी या अमेरिकी वृत्तवाहिनीने 2020 मध्ये राज्यांच्या तुरुंगांतल्या 4,890 ट्रान्स कैद्यांची माहिती जमवली. स्वतःच्या लिंगओळखीप्रमाणे ठेवलेले सापडले फक्त 15.

बरं, बायकांच्या तुरुंगात ठेवलं म्हणजे तरी सुटलं का? 27 वर्षांची ट्रान्स तरुणी लेलीन पोलांको न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावर बायकांच्याच तुरुंगात होती. खटला उभाही राहिला नव्हता. 500 डॉलरचा जामीन भरता आला नाही, एवढंच. तिला फिट्स येत, हे तुरुंगाच्या डॉक्टरांना ठाऊक होतं. तरी एकांत कोठडीत टाकलं. तिथे दर 15 मिनिटांनी डोकावायचा नियम. पाऊण पाऊण तास कुणी फिरकलं नाही. 7 जून 2019 ला फिट येऊन तिचा जीव गेला. पुढच्या वर्षी 17 कर्मचाऱ्यांवर शिस्तभंगाची कारवाई झाली, आणि शहराने कुटुंबाला 59 लाख डॉलर देऊन दावा मिटवला.