सहा वाजले, निघा बाहेर!

डोकंच फिरतं! फ्लोरिडात डिस्नेच्या मॅजिक किंगडम या थीम पार्कमध्ये हॅलोविनच्या, म्हणजे भुताखेतांच्या सणाच्या, पार्टीचं तिकीट वेगळं. 2025 मध्ये मोठ्या माणसाला तारखेप्रमाणे 119 ते 229 डॉलर! आणि त्या संध्याकाळी दिवसाचं तिकीट काढून आलेल्यांना सहालाच बाहेरची वाट. मनगटावर पार्टीचा पट्टा नसेल तर राइडच्या रांगेतसुद्धा उभं राहू देत नाहीत. पार्टी सात ते बारा. परेड छान असते, बिनमुंडक्याचा घोडेस्वार भरधाव येतो तेव्हा काटा येतो अंगावर, मान्य. पण जागा धरायला फुटपाथवर ताटकळायचं, फोटोला पुन्हा रांग, आणि लहान पोरं नऊलाच पेंगायला लागतात. एवढ्या पैशांत मिळतात मूठभर चॉकलेटं! निदान त्या दिवशीचं साधं तिकीट तरी अर्ध्या किमतीत द्या ना!