ओळख ना पाळख, वर म्हणे रिक्वेस्ट का घेतली नाही!

तुम्ही कोण, कुठले, माझ्याशी काय काम आहे, यातलं एक अक्षर लिहायचं नाही. फेसबुकवर नुसती फ्रेंड रिक्वेस्ट टाकायची आणि ती घेतली नाही की तोंड फुगवून बसायचं. ही कुठली रीत?

रोज सकाळी मोबाइल उघडावा तर अनोळखी माणसांची रांग लागलेली असते. एकाच्या फोटोत सिद्धेश्वराचं मंदिर, दुसऱ्याच्या फोटोत सिंह, तिसऱ्याच्या फोटोत कुठलासा साऊथचा हिरो. स्वतःचा चेहरा एकाचाही नाही. नाव बघावं तर कुणी किंग, कुणी भाऊ, कुणी पाटील साहेब. कुठले पाटील? आपल्या जिल्ह्यात पाटलांना काय तोटा आहे? बरं, प्रोफाइल उघडून बघावं तर लॉक! फेसबुकने २०२० मध्ये ही लॉकची सोय भारतात आणली, ती मुख्यतः बायकांच्या फोटोंचा गैरवापर होऊ नये म्हणून. आता तिच्याच मागे ही माणसं लपून बसतात. स्वतःचं दार आतून कडी लावून बंद, आणि मी मात्र माझ्या घरातले, लेकरांचे, वास्तुशांतीचे सगळे फोटो यांच्यासमोर मांडायचे?

मी सोलापूरच्या चाटी गल्लीत एका कापड दुकानात हिशेबाचं काम बघते. दिवसभर माणसं येतात. नवा माणूस आला की आधी सांगतो, मी अमक्याचा मेहुणा, बाळीवेशीत राहतो, तमक्यांनी पाठवलंय. बसा म्हटल्याशिवाय बसत नाही. मला अक्का म्हणतो. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू कुठल्याही घरातला असो, एवढी रीत त्याला कळते. आणि त्यातलाच एखादा रात्री साडेदहाला मेसेंजरवर लिहितो, 'हाय डियर, काय करलालाव?' दुकानात अक्का आणि रात्री डियर? सकाळी परत बिल करायला समोर उभा राहतो तेव्हा ह्याला काहीच कसं वाटत नाही?

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते 'म्युच्युअल', म्हणजे दोघांच्या यादीतले मित्र, या सबबीने. 'आपले चाळीस म्युच्युअल आहेत की अक्का, मग घ्यायला काय झालं?' अरे, त्या चाळिसांना मी विचारलं. एकालाही हा माणूस कोण ते माहीत नाही. पहिल्याने न बघता कन्फर्म दाबलं, दुसऱ्याने पहिला दिसला म्हणून दाबलं, तिसऱ्याने दोघं दिसले म्हणून. फेसबुक ५००० मित्र करू देतं म्हणून ५००० भरायचेच असा काही नियम नाही. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर एवढी गर्दी असते, तिथे कुणी येऊन 'आपल्या दोघांच्या ओळखीचा एक जण आहे' म्हणत सरळ हात धरतो का? धरला तर लोक काय करतील ते सांगायला नको.

बरं, माणुसकी म्हणून एखाद्याची घेतली, तर पुढे काय होतं ते बायकांना विचारा. पाच मिनिटांत 'हाय'. मग हात हलवणारं चित्र. मग 'जेवण झालं का'. उत्तर दिलं नाही की प्रश्नचिन्हांची माळ. मग जुन्या फोटोंवर धाड: चुलत बहिणीच्या लग्नातला दहा-बारा वर्षांपूर्वीचा फोटो शोधून त्यावर 'नाइस पिक डियर', आणि ते सासरकडचे सगळे वाचतात. मग रात्री अकराला व्हिडिओ कॉल. उचलला नाही की, 'बोलायचं नव्हतं तर रिक्वेस्ट कशाला घेतली?' रिक्वेस्ट घेतली म्हणजे मी तुला रात्रीबेरात्री फोन करायची मुभा दिली, हे तुला कुणी सांगितलं? ज्यांना मी बाई म्हणून नको असते त्यांना मी गिऱ्हाईक म्हणून हवी असते. त्यांचा प्लॉट होटगी रोडला निघालेला असतो आणि माझ्यासकट पन्नास जण त्यात टॅग. एकदाही न विचारता.

रिक्वेस्ट तशीच पडू दिली तरी सुटका नाही. ती रद्द करून परत पाठवतात, म्हणजे यादीत पुन्हा वर येते. आणि नुसती रिक्वेस्ट पाठवली तरी आपण पब्लिक ठेवलेल्या पोस्ट त्याच्याकडे जात राहतात, हे कितीजणींना ठाऊक आहे? त्यापेक्षा सरळ डिलीट करा. केल्याचं त्याला कळवलं जात नाही. सेटिंगमध्ये जाऊन रिक्वेस्ट फक्त मित्रांच्या मित्रांनाच पाठवता येईल असंही करता येतं. मी केलंय. पण मित्रांनी ५००० गोळा केले असतील तर त्या सेटिंगचा उपयोग किती राहतो?

याबद्दल घरात बोलावं तर उत्तर ठरलेलं: 'मग अकाउंट बंद कर.' का म्हणून? माझ्या शाळेतल्या मैत्रिणी लग्न होऊन इंडी, गुलबर्गा, हैदराबादला गेल्या. त्या मला इथेच परत सापडल्या. त्रास देणारा दुसरा, आणि उठून जायचं मी? त्याला कुणी म्हणत नाही की बाबा, तू तुझं अकाउंट बंद कर.

कायद्याचंही सांगते, कारण 'ऑनलाइन आहे, त्यात काय एवढं' असं फार ऐकलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ वाचा. बाईने नको असल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही पुरुष पुन्हा पुन्हा संपर्क करत राहिला, किंवा तिच्या इंटरनेटवरच्या वावरावर पाळत ठेवत राहिला, तर तो गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरला तरी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आधीच्या दंड संहितेतही हे २०१३ पासून होतं. म्हणून बायांनो, 'मला मेसेज करू नका' एवढं एकदा स्वच्छ लिहा, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा आणि मग ब्लॉक करा. लाजायचं तुम्ही नाही.

ज्यांना खरंच ओळख करून घ्यायची आहे त्यांना कोण नाही म्हणतंय? दोन ओळी लिहा. 'तुमच्या दुकानात आलो होतो, टॉवेलच्या भावाबद्दल विचारायचंय', 'तुमच्या भावाबरोबर दयानंद कॉलेजला होतो.' मी वाचते, उत्तरही देते. आणि नाही दिलं तर विषय तिथेच सोडा. लग्नात भेटल्यावर चारचौघांत 'आमची रिक्वेस्ट घेत नाहीत ह्या, मोठ्या झाल्या' असं सुनावू नका.

आणि माझ्या यादीतल्या मंडळींनो, तुमच्याकडे जे अनोळखी भरलेत ते आजच काढायला घ्या. ते तुमच्या नावावर माझ्यापर्यंत पोहोचतायत. इथून पुढे अशी रिक्वेस्ट आली की मी तुम्हालाच फोन करणार आहे: हा कोण, कुठला, तुम्ही याला कधी भेटलात? सांगता आलं नाही तर त्याच्याआधी तुम्हाला अनफ्रेंड करीन. मग राग धरा नाहीतर काही करा.