‘पावसात दोन तास रस्त्यावर उभं केलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय रविवारी रात्री वाचला. उत्तर आज बुधवारी लिहितेय, कारण त्या रात्री लिहिलं असतं तर नको ते शब्द गेले असते. आधी माफी मागते. परक्या देशात, एकट्याने, अंधारात, अंगावर पाऊस घेत बसची वाट बघण्याची वेळ आमच्याकडून गेलेल्या माणसावर यायला नको होती. तुमचे दोन फोन मी उचलले नाहीत, त्याबद्दलही माफ करा.

इतर वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगते. आम्ही दोघीजणी मिळून, एकट्याने पाठपिशवी घेऊन बसने फिरणाऱ्यांसाठी व्हिएतनामचा मार्ग आखून देतो, बसची तिकिटं आणि राहायची सोय आधी करून देतो. हे सर ऑक्टोबरात हनोईहून दक्षिणेकडे निघाले होते. त्यांनी एक स्टार देऊन लिहिलंय, ‘भर पावसात दोन तास रस्त्यावर उभं केलं, फोन उचलला नाही, सामान भिजलं, गुहा बंद होती, हाय व्हान घाट दाखवलाच नाही. शुद्ध फसवणूक.’

बाकी सगळं एक वेळ सोडून देईन. पण ‘दोन तास उभं केलं’ हे सोडवत नाही, म्हणून त्या संध्याकाळचं सविस्तर लिहिते.

निन्ह बिन्हजवळच्या टाम कोकहून फोंग न्हा या गुहांच्या गावाला जाणारी तुमची स्लीपर बस टाम कोकहून सुटत नाही. ती हनोईहून निघते आणि वाटेत निन्ह बिन्हचे प्रवासी घेते. साधारण ९५ किलोमीटरचं अंतर आहे. हनोईतून बाहेर पडायलाच संध्याकाळी किती वेळ लागेल ते चालकालाही सांगता येत नाही, त्यात पाऊस. म्हणून ती कंपनी नेमकी वेळ देत नाही, ‘८:३० ते ९:३० च्या दरम्यान’ असं देते. तुम्हाला मी हेच पाठवलं होतं, आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी, दोनदा. खाली असंही लिहिलं होतं की ‘होमस्टेमध्येच बसून राहा, कंपनीचा माणूस दारात येऊन तुमचं नाव विचारेल.’

तुम्ही ७:३० ला मुख्य रस्त्यावर जाऊन उभे राहिलात. हे मी माझ्या मनाने सांगत नाही, ७:३४ ला तुम्हीच मेसेज केलात, ‘बस चुकायला नको म्हणून आधीच येऊन थांबलोय.’ बस आली ९:३५ ला. ७:३० ते ९:३५ म्हणजे दोन तास पाच मिनिटं, तुमचा हिशोब चुकलेला नाही. पण दिलेल्या वेळेच्या पुढे बस गेली ती पाच मिनिटं. उरलेले दोन तास ज्या होमस्टेच्या पडवीत बसून जायला हवे होते, तिथल्या बाईंनी तुम्हाला ‘बसा, पाऊस आहे’ असं खुणेने सांगितलंही होतं. त्यांनीच मला नंतर कळवलं. त्या म्हणाल्या, तुमच्यासाठी चहा ठेवला होता आणि बघतात तर तुम्ही नाही.

बस चुकण्याची भीती मला समजते. पहिल्यांदा एकटं परदेशात गेलं की पोटात गोळा असतोच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा प्रत्येक बसच्या आधी दीड तास जाऊन बसायचे. पण त्या भीतीचे दोन तास आमच्या नावावर लिहिलेत, ते लागलं.

आता माझी चूक. तुम्हाला दिलेल्या छापील आराखड्यात सहाव्या पानावर ‘बस मुख्य रस्त्यावरून’ असं जुनं वाक्य राहून गेलं होतं. प्रवाशाला दारातून बसपर्यंत नेण्याची सोय नंतर झाली, मी मेसेजमध्ये बदललं आणि पानावर बदलायचं राहिलं. तुम्ही पान प्रमाण धरलंत. मेसेज नंतरचा होता, तो धरायला हवा होता असं मला वाटतं, पण पान माझं होतं हे कबूल आहे.

आणि फोन. तिथली घड्याळं आपल्या दीड तास पुढे असतात. तुमचा पहिला फोन आला तेव्हा तिथे ८:२० आणि इथे ६:५०. मी आईला दवाखान्यातून बाहेर आणून रिक्षात बसवत होते, एका हातात तिचा हात आणि दुसऱ्या हातात फाइल. ६:५९ ला मी स्वतः तुम्हाला फोन लावला. नऊ मिनिटं. ‘फोन उचलला नाही’ हे खरं आहे, पण नऊ मिनिटांत परत केला हेही तितकंच खरं आहे, आणि ते तुमच्या अभिप्रायात कुठेच नाही. त्यानंतर मी बस कंपनीच्या हनोईच्या ऑफिसला ‘झालो’ (Zalo) या मेसेजिंग ॲपवर विचारलं (तिथे सगळे तेच वापरतात), त्यांनी बस वाटेतल्या फू ली शहराच्या पुढे आल्याचं कळवलं, आणि मी तुम्हाला तसंच सांगितलं. बस येईपर्यंत मी तीन वेळा फोन केला. तिसऱ्या वेळी तुम्ही म्हणालात, ‘ताई, दिसली बस.’ मला त्या वेळी इतकं हायसं वाटलं होतं.

पावसाबद्दल. तुम्ही लिहिलंय की ‘ऑक्टोबरात इतका पाऊस असतो हे कुणी सांगितलं नाही.’ सर, सांगितलं होतं. पहिल्याच फोनवर मी मार्च-एप्रिल सुचवलं होतं. सुट्टी दिवाळीला जोडून मिळतेय आणि विमानाचं तिकीट स्वस्त आहे म्हणून तुम्ही ऑक्टोबर ठरवलात, तुमचा हक्कच आहे तो. आपल्याकडे दसऱ्यापर्यंत पाऊस ओसरतो, म्हणून बहुतेकांना वाटतं की तिथेही तसंच असणार. मध्य व्हिएतनामात उलटं आहे. उन्हाळ्यातला नैऋत्येचा पाऊस ट्रुओंग सोन डोंगररांगेच्या पलीकडे लाओसच्या बाजूला पडून जातो आणि अलीकडचा किनारा तेव्हा उन्हात तापत असतो. मग सप्टेंबरपासून वारे फिरतात, ईशान्येकडून समुद्रावरची वाफ घेऊन येतात आणि त्याच डोंगराला पूर्वेकडून धडकतात. ह्वे शहराच्या वर्षभराच्या पावसातला निम्म्याहून जास्त पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत पडतो. वादळंही याच दिवसांत येतात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये डॅमरे वादळ आलं तेव्हा मी ह्वेमध्येच होते. दोन दिवस गेस्टहाऊसच्या वरच्या मजल्यावर, खाली रस्त्यावर मांडीभर पाणी. नंतर होई आनला गेले तर तिथे गल्ल्यांमधून होड्या फिरून गेलेल्या, भिंतींवर चिखलाची रेघ ताजी. तिथल्या तान की नावाच्या जुन्या घरात पुराचं पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा वर्षांसकट भिंतीवर लिहून ठेवल्यात, १९६४ ची माझ्या डोक्याच्याही वर आहे. घरातला माल वर ओढून घ्यायला माडीला झरोका ठेवलाय. पूर येणार हे धरूनच ते घर बांधलंय. तिथली माणसं पाण्याबद्दल तक्रार करत नव्हती, पायऱ्या धूत होती. हा देश लोकांना पावसातही दाखवावा असं मला तेव्हाच वाटलं, आणि त्यातूनच हे काम सुरू झालं.

फोंग न्हाची गुहा बंद होती, कारण तिथे होडीने आत जातात आणि सोन नदी चढली की होड्या थांबवतात. ते आमच्या हातात नाही, कुणाच्याच नाही. पण त्याच सकाळी मी तुम्हाला थिएन डुओंग गुहेकडे वळवलं. तिथे लाकडी पायवाटेने चालत आत जाता येतं, नदीचा संबंध येत नाही. तिथून तुम्ही मला फोटो पाठवलात, छतापासून जमिनीपर्यंत उतरलेल्या दगडी खांबांचा, आणि खाली लिहिलंत ‘अप्रतिम, शब्द नाहीत.’ तो फोटो माझ्याकडे आहे. अभिप्रायात त्या गुहेचं नावही नाही.

हाय व्हानचं थोडक्यात. २००५ मध्ये बोगदा झाल्यापासून ह्वे ते दा नांगच्या बस त्या सहा किलोमीटरच्या बोगद्यातून जातात, घाटावरून नाही. त्या टप्प्यासाठी मी रेल्वे सुचवली होती, कारण रूळ समुद्राच्या कडेने डोंगराला वळसा घालतात आणि डावीकडच्या खिडकीतून सगळं दिसतं. ‘पूर्ण प्रवास बसनेच’ हा तुमचा आग्रह होता, तुम्हाला त्याचा व्हिडिओ करायचा होता. म्हणून बसचं तिकीट काढलं.

सामानाबद्दल मात्र मला वाईट वाटतं. बसच्या डिकीत पाणी साचलं होतं आणि तुमची पाठपिशवी खालीच ठेवली होती. रेनकव्हर वरून येणाऱ्या पावसाला अडवतं, खालून चढणाऱ्या पाण्याला नाही. म्हणूनच आमच्या सामानाच्या यादीत ‘पिशवीच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी, तोंड पिळून बांधलेली’ असं लिहिलंय. पण ते यादीत चौदाव्या नंबरवर आहे आणि चौदावा नंबर कुणी वाचत नाही हे मला कळायला हवं होतं. बूट काढायला लावले याचा उल्लेख आहे, तर ती तिथल्या प्रत्येक स्लीपर बसची पद्धत आहे. दारात बूट काढायचे, ते देतात त्या पिशवीत घालायचे, आपल्या पायाशी ठेवायचे. ओले बूट रात्रभर पायाशी, वास येतो, मान्य आहे. पण तो अपमान नाही.

‘फसवणूक’ या शब्दाबद्दल एवढंच. त्या बसचं तिकीट साडेतीन लाख डोंग, म्हणजे बाराशे रुपयांच्या आसपास. त्यावर आम्ही एक रुपया चढवलेला नाही, पावती तुम्हाला पाठवलेली आहे. आमची फी २,५०० रुपये, त्यात सोळा दिवस फोनवर मी होते. नोकरी सोडून पाच वर्षं हेच करतेय, घर यावर चालतं. आमच्याकडे एकूण ४१ अभिप्राय आहेत, आणि पान उघडलं की आता सगळ्यात वर तुमचा दिसतो. सोमवारी फेब्रुवारीसाठी विचारणाऱ्या एका मुलीने तो वाचून ‘नंतर कळवते’ म्हटलं. तिची चूक नाही. एकटी जाणारी मुलगी ‘रात्री रस्त्यावर उभं केलं’ हे वाचून दुसरं काय करेल?

सहावं पान बदललंय. पावसाळी महिन्यांत जाणाऱ्यांसाठी आणखी काही करता येईल का ते बघतोय, फोनवर दुसरं कुणीतरी असावं असाही विचार आहे, जमेल तसं करू. त्या बसच्या तिकिटाचे पैसे मी तुम्हाला काल परत पाठवलेत. अभिप्राय काढण्यासाठी नाही, सामान भिजलं म्हणून.

स्टार एकच राहू द्या, त्यासाठी मी काही म्हणणार नाही. गुहेबद्दल, घाटाबद्दल, माझ्या न उचललेल्या फोनबद्दलही राहू द्या. फक्त ‘दोन तास उभं केलं’ एवढं एक वाक्य, ७:३४ चा तुमचा मेसेज एकदा उघडून बघून, बदलता आलं तर बदला.