बेळगावची सावली बारा वाजता जात नाही

शून्य सावली दिवसाबद्दल (सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते तो दिवस) तुमच्या लेखात छान लिहिलंय, पण त्यातला 'शाळेच्या मैदानावर दुपारी बाराला जमा' हा सल्ला आमच्याकडे नाही चालायचा. बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तरेला, म्हणून सूर्य डोक्यावर येतो ४ मेच्या आणि ९ ऑगस्टच्या आसपास, मेमध्ये पुण्याच्या आधी आणि ऑगस्टमध्ये पुण्याच्या नंतर. मेमध्ये शाळांना सुट्टी, ऑगस्टमध्ये खानापूर-जांबोटीकडे पावसानं आभाळ दिसलं तर शपथ! म्हणजे उरतं गल्लीतलं अंगण.

शिवाय बारा ही वेळच चुकीची. भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं, आपण ७४.५ वर, आणि दर अंशाला सूर्य चार मिनिटं उशिरा येतो. आठ अंश म्हणजे ३२ मिनिटं, त्यामुळे मेमध्ये सावली जाते ती साडेबाराच्या सुमारास. गेल्या वर्षी हे मला ठाऊक नव्हतं. बाराला पोरं गोळा केली, अंगणात स्टीलचा पेला उपडा ठेवला, तर पश्चिमेकडं झुकलेली बोटभर सावली काही हलेना. निम्मी पोरं कंटाळून आंबे खायला पळाली. थांबलेल्यांत शेजारची कन्नड शाळेत जाणारी पोरगी होती. पेल्याभोवतीची काळी कड नाहीशी झाली तशी तीच आधी ओरडली, "नेरळे इल्ला!" (सावलीच नाही!)

लेखात गावागणिक वेळेचा तक्ता जोडाल का? निपाणी, चिकोडीची मेमधली तारीखही थोडी पुढं सरकते.