शिशाचा एप्रन आणि मुंढ्यातली फट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

ऑर्थोच्या महिला रेसिडेंट आणि सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना हाडं दाखवणारं एक्स-रे यंत्र) या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचे आक्षेप तीन. लेड एप्रन सगळ्यांना सारखाच वाचवतो, तेव्हा बायकांसाठी वेगळे एप्रन मागवणं हा लाड आहे. ज्यांना पोटातल्या बाळाची काळजी आहे त्यांनी त्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, येऊच नये. आणि त्यांच्या वाटच्या ड्युट्या शेवटी बाकीच्यांच्या गळ्यात पडतात. तिसऱ्यात तथ्य आहे, त्याकडे नंतर येते. पहिले दोन मात्र किरणांच्या हिशेबातच बसत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

०.५ मिमी शिशाच्या तोडीचा एप्रन विखुरलेल्या किरणांपैकी ९० टक्क्यांहून जास्त अडवतो, हे खरं. पण शिसं जिथे आहे तिथेच. ओटीतल्या खुंट्यांवर बहुतेक ठिकाणी एकाच मापाचे, धिप्पाड माणसाला होतील असे एप्रन असतात. लहान चणीच्या मुलीने तो घातला की खांदा घसरतो आणि मुंढा बगलेच्या बराच खाली उतरतो. आता मांडीच्या हाडात घातलेल्या नेलचा (सळईचा) खालचा स्क्रू लॉक करताना ती कशी उभी असते ते आठवा. दोन्ही हात पुढे, ड्रिल धरलेलं, आणि मॉनिटर बघायला धड वळलेलं. त्या क्षणी तिची कूस रुग्णाकडे असते. टेबलावरच्या शरीरातून विखुरलेले किरण त्या फटीतून थेट आत जातात आणि पोचतात ते स्तनाच्या वरच्या-बाहेरच्या भागावर. स्तनाच्या ऊती सर्वांत जास्त तिथेच असतात आणि कर्करोगही सर्वांत जास्त तिथेच सापडतो.

अमेरिकेतल्या महिला ऑर्थोपेडिक सर्जनच्या सर्वेक्षणांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आढळलं आहे. त्यावरून ‘किरणांमुळेच झालं’ असं मी म्हणणार नाही. संख्या लहान आहे आणि कारण सिद्ध झालेलं नाही. पण फट दिसत असताना ती बुजवायला पुराव्याची वाट बघत बसायचं का?

फट तपासणं अगदी सोपं आहे. एप्रन घालून, पट्टे आवळून दोन्ही हात ड्रिल धरल्यासारखे पुढे करायचे. मैत्रिणीने किंवा सिस्टरने बाजूने मुंढ्यात तळहात सरकवायचा. तो आडकाठीशिवाय छातीपर्यंत गेला, तर किरणही जाणार. उपाय म्हणजे मापाचं जाकीट आणि घागरा असा दोन तुकड्यांचा एप्रन, आणि त्याला बगलेची जोड-पट्टी किंवा आखूड लेड बाही. अखंड एप्रनचं पाच ते सात किलोंचं ओझं सगळं खांद्यांवर येतं. दोन तुकड्यांत निम्मं कमरेच्या हाडावर उतरतं. याचा फायदा बुटक्या पुरुष रेसिडेंटलाही तेवढाच होतो.

आता गरोदरपण. तुम्ही म्हणता, खोलीत येऊच नये. नियम तसं म्हणत नाही. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) २०११ च्या निर्देशानुसार गरोदरपण नक्की झाल्यावर उरलेल्या काळासाठी गर्भाची मर्यादा १ मिलिसीव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मूलभूत सुरक्षा मानकांत तर स्पष्ट लिहिलं आहे की गरोदर असल्याचं कळवणं हे स्त्रीला कामावरून बाजूला करण्याचं कारण धरू नये. कामाची परिस्थिती बदलून द्यावी. गर्भाच्या मेंदूवर किंवा घडणीवर परिणाम दिसण्याचा उंबरठा साधारण १०० मिलिग्रेच्या (एक्स-रेसाठी तेवढेच मिलिसीव्हर्ट) आसपास मानतात. म्हणजे मर्यादा त्याच्या शंभराव्या हिश्शावर आहे.

हिशेब असा मांडायचा. तिच्या टीएलडी बॅजचे (अंगावर पडलेली मात्रा नोंदवणाऱ्या बिल्ल्याचे) मागच्या चार तिमाहींचे आकडे घ्या. बॅज एप्रनच्या आत, छातीवर लावलेला हवा, तरच आकड्याला अर्थ. समजा बेरीज ०.४ मिलिसीव्हर्ट आली. काम तेवढंच राहिलं तर उरलेल्या सात महिन्यांत सुमारे ०.२३. आईच्या ऊतींमुळे गर्भापर्यंत त्याहूनही कमी पोचतं. बॅज एप्रनवर टोचून ठेवला असेल, किंवा एप्रनसकट रात्रभर सी-आर्मच्या खोलीत लटकत असेल, तर हा सगळा हिशेब फोल. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

तिने लेखी कळवायचं ते आरएसओला (किरण सुरक्षा अधिकाऱ्याला), आणि ते चारचौघांत जाहीर करायचा अधिकार विभागप्रमुखांनाही नाही. मग पोटावर, एप्रनच्या आत, दुसरा बॅज. टीएलडीचा आकडा तीन महिन्यांनी येतो, तोवर निम्मं गरोदरपण सरतं. म्हणून सोबत रोज वाचता येईल असा पॉकेट डोसीमीटर द्यायचा. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. पुढून गुंडाळायच्या जाकिटात आणि घागऱ्यात ०.५ मिमी मिळतात ते दोन पदर एकावर एक आल्यामुळे. एकेरी पदर ०.२५ चाच असतो. पाचव्या-सहाव्या महिन्यात पोट वाढलं की पदर सरकतात आणि नेमकं बेंबीच्या रेषेत एकेरी शिसं उरतं, किंवा काहीच नाही. तिला तेव्हा मोठ्या मापाचा घागरा लागतो, नाहीतर पुढून सलग ०.५ मिमीचा एप्रन.

ड्युट्यांचं तुमचं म्हणणं खरं आहे. एकीला हटवलं की बाकीचे पिचतात, आणि तिच्या लॉगबुकातल्या केसेसही बुडतात. पण तो दोष हटवणाऱ्याचा. तिला सी-आर्मची कामं नको असतील तर यादीच्या आत अदलाबदल करता येते: नेलिंगऐवजी आर्थ्रोस्कोपी (दुर्बिणीतून सांध्याची शस्त्रक्रिया), प्लास्टर रूम, ओपीडी. तिला राहायचं असेल तर पेडल दाबण्याआधी ‘शूट’ म्हणून सांगा आणि असिस्टंटला मागे सरकू द्या; एक मीटरवरून दोन मीटरवर गेलं की मात्रा साधारण चौथाई होते. लॅटरल व्ह्यूला (बाजूने प्रतिमा घेताना) किरण सोडणाऱ्या ट्यूबच्या नव्हे, ते टिपणाऱ्या इमेज इंटेन्सिफायरच्या बाजूला उभे राहा. सलग स्क्रीनिंग टाळा, शेवटची प्रतिमा स्क्रीनवर धरून ठेवा. यात तुमचीही मात्रा घटते.

आणि एवढं जरूर करा. तुमच्या ओटीतले एप्रन एकदा सी-आर्मखाली पसरून बघा. वॉर्डबॉय मामा घाईत ते दुमडून स्टुलावर टाकतात. त्याने आतलं शिसं घडीवर तडकतं, आणि घडी पडते ती बरोबर मधोमध, पोटाच्या उंचीला. वरून कापड धडधाकट दिसतं. स्क्रीनवर मात्र आडवी उजळ रेघ उमटते. तसा एप्रन सापडला तर मार्करने खूण करून त्याच दिवशी बाद करा, कारण उद्या सकाळी खुंटीवरून तो कोण उचलेल हे सांगता येत नाही.