पेरा ठरवून द्या, म्हणणाऱ्यांना

सोयाबीनचा किंवा कांद्याचा भाव कोसळला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, आशय तोच राहतो: "देशाला किती तूर, किती कांदा, किती सोयाबीन लागतं याचा हिशेब सरकारकडे आहे. तो जिल्ह्याजिल्ह्याला वाटून द्या. पण आपल्याकडे पीक नियोजन नावाची गोष्टच नाही. शेतकरी शेजाऱ्याचं बघून पेरतो, सगळे एकच पीक घेतात, भाव पडतो आणि मग कर्जमाफी मागतात. ठरवून दिलेलं जो पेरणार नाही त्याचं अनुदान बंद करा. इस्रायलमध्ये असंच करतात." खाली हात जोडलेली चिन्हं आणि 'पुढे पाठवा'.

पाठवणारे सगळेच शेतीपासून तुटलेले नसतात. गावी अजून जमीन असलेली नोकरदार मंडळी असतात, शेतकऱ्यांची मुलंही असतात. म्हणून तो मजकूर नुसता पुसून टाकण्यापेक्षा वाक्यावाक्याने तपासलेला बरा.

"पीक नियोजन नावाची गोष्टच नाही." आहे, आणि कागदावर तर भरपूर आहे. खरीप आणि रब्बी हंगामांच्या आधी केंद्र सरकार राज्यांना बोलावून राष्ट्रीय परिषद घेतं, पीकनिहाय उत्पादनाची लक्ष्यं ठरतात. मग राज्याची खरीपपूर्व बैठक, मग पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची. बियाणं किती क्विंटल लागेल, युरिया किती, डीएपी किती, याचे तक्ते तयार होतात. पाऊस लांबला तर काय करायचं याचेही आराखडे आहेत. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने, म्हणजे क्रीडाने, देशातल्या ६०० हून अधिक जिल्ह्यांसाठी ते करून ठेवलेत. पेरणी जुलैच्या मध्यापलीकडे गेली तर मूग-उडदाचा नाद सोडा, तूर, बाजरी, सूर्यफुलाकडे वळा, अशा साध्या आणि उपयोगी सूचना त्यांत असतात.

खोट दुसरीकडे आहे. या नियोजनात हेक्टर असतात, टन असतात, गोण्या असतात. भाव ठरवणारे निर्णय मात्र त्या बैठकीच्या हातात नसतात. लक्ष्य कृषी मंत्रालय ठरवतं. आयात शुल्क अर्थ मंत्रालयाकडून येतं, निर्यातबंदीची अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाकडून आणि साठ्याची मर्यादा ग्राहक व्यवहार खात्याकडून. पहिलं खातं 'पिकवा' म्हणतं आणि उरलेली तिघं, महागाईच्या आकड्याकडे बघत, पिकलेल्याचा भाव खाली ठेवायच्या कामाला लागलेली असतात. खुद्द हमीभावाचंच वेळापत्रक बघा. खरिपाचे हमीभाव २०२३ मध्ये ७ जूनला जाहीर झाले, २०२४ मध्ये १९ जूनला. १९ जूनपर्यंत विदर्भ-मराठवाड्यात बियाण्याच्या बॅगा घरात येऊन पडलेल्या असतात, पाऊस वेळेवर असेल तर तिफण फिरलेलीही असते. २०२५ मध्ये तारीख २८ मेवर आली, ही सुधारणा खरी. पण बियाण्याची तजवीज त्याच्याही आधी सुरू होते.

"शेतकरी शेजाऱ्याचं बघून पेरतो." बघतो की. शेजाऱ्याच्या रानात कोणतं वाण चाललं, कुठल्या पिकावर काय रोग आला, हे बघणं म्हणजे फुकटातली चाचणीच. पण एखाद्या शिवारात सोयाबीनच सोयाबीन का दिसतं याचं उत्तर 'देखादेखी' या एका शब्दात मिळत नाही.

सोयाबीन साधारण १०० दिवसांत निघतं. दिवाळीच्या सुमाराला हातात पैसा येतो आणि त्याच रानात ओलीवर हरभरा टाकता येतो. काढणीला मजूर मिळाले नाहीत तर हार्वेस्टर बोलावता येतो. माल नीट वाळवला तर काही महिने घरात राहतो आणि लागेल तेव्हा चार कट्टे विकता येतात. आता त्याच रानात पर्याय काय होते ते मोजा. मूग-उडीद तोडणीला येतात तेव्हा नेमका पाऊस बसतो आणि शेंगेतच दाणा उगवतो. खरीप ज्वारी पाखरांनी, काळ्या पडणाऱ्या दाण्याने आणि कापणीच्या मजुरीने परवडेनाशी केली. भुईमुगाचं बियाणं हेक्टरी क्विंटलभर लागतं, ते महाग, आणि शेंग धरली की रानडुकरं रात्रीतून रान उकरून ठेवतात. तूर चांगली, पण एकटी पेरली तर सहा महिने रान अडकून पडतं, म्हणून ती सोयाबीनच्या ओळींमध्ये आंतरपीक म्हणून जाते. हा सगळा विचार पेरणाऱ्याच्या डोक्यात असतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातली सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर आहे आणि ८६ टक्के खातेदार दोन हेक्टरांच्या आतले. एवढ्याशा जमिनीवर माणूस आधी तोटा टाळतो, नफा नंतर बघतो. सगळ्यांचे अडथळे सारखे असतील तर उत्तरही सारखंच निघणार.

इथे एक कबूल करायला हवं. टोमॅटोसारख्या पिकात मागच्या भावाच्या मागे धावणं खरंच होतं. लागवडीपासून दोन-सव्वादोन महिन्यांत तोडा सुरू होतो, साठवण शक्य नाही, आणि गेल्या हंगामात कुणाला चांगले पैसे झाले की पुढच्या हंगामात रोपवाटिकांसमोर रांग लागते. मजकूर फक्त टोमॅटोबद्दल असता तर मी वाद घातला नसता.

आता मुख्य दावा: "देशाला किती लागतं ते माहीत आहे, वाटून द्या." वाचायला सरळ वाटतो. तुरीचा इतिहास मात्र त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. सलग दोन वर्षं पाऊस रुसल्यावर २०१५-१६ मध्ये देशात तूर झाली सुमारे २५.६ लाख टन. तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली. सरकारने हमीभाव बोनससह क्विंटलला ५०५० रुपये केला, डाळी पेरा म्हणून आवाहनं केली आणि शेतकऱ्यांनी ऐकलं. २०१६-१७ मध्ये तूर झाली ४८.७ लाख टन, जवळजवळ दुप्पट. बाजारात भाव हमीभावाच्या बराच खाली गेला, खरेदी केंद्रांवर बारदाना संपला, ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. 'बघा, सगळ्यांनी तूर लावली' हे वाक्य तेव्हाचंच.

पण आकडे उलगडून बघा. क्षेत्र सुमारे ३९.६ लाख हेक्टरांवरून ५३.४ लाख हेक्टरांवर गेलं, म्हणजे वाढ झाली तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त. उत्पादन जवळपास ९० टक्के वाढलं, कारण पाऊस चांगला झाला आणि हेक्टरी उतारा ६४६ किलोंवरून ९१३ वर गेला. समजा सरकारने काटेकोर वाटप केलं असतं आणि एक हेक्टरही वाढू दिलं नसतं, तरी त्याच ३९.६ लाख हेक्टरांतून ३६ लाख टन तूर निघाली असती. आदल्या वर्षापेक्षा १० लाख टन जास्त, तीही कुणी शेजाऱ्याच्या रानात डोकावलेलं नसताना. कोरडवाहू देशात हेक्टर वाटून देता येतील, टन वाटता येत नाहीत.

त्या वर्षी आणखी काय झालं तेही मजकुरात नसतं. देशात विक्रमी पीक उभं असताना २०१६-१७ मध्ये ६६ लाख टन डाळी बाहेरून आल्या. मोझांबिकशी २०१६ मध्येच करार झाला होता, पहिल्या वर्षी १ लाख टनांपासून २०२०-२१ पर्यंत २ लाख टनांपर्यंत आणण्याचा. उलट दिशेचं दार मात्र बंद होतं. डाळींच्या निर्यातीवर २००६ पासून बंदी होती. तुरीवरची उठली सप्टेंबर २०१७ मध्ये, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून झाल्यावर. तुरीच्या आयातीवर मर्यादा आली तीही ऑगस्ट २०१७ मध्ये. ज्यांच्याकडे 'हिशेब आहे' असं मजकूर म्हणतो, त्यांचाच हिशेब वर्षभर मागे चालत होता.

"शेतकरी जास्त कांदा लावतो आणि मग रडतो", ही याच दाव्याची नाशिक आवृत्ती. कांद्याच्या गेल्या काही हंगामांच्या तारखा वाचा. १९ ऑगस्ट २०२३: निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ८ डिसेंबर २०२३: निर्यात पूर्ण बंद, ३१ मार्चपर्यंत. त्या दिवशी खरिपाचा लाल कांदा बाजारात होता, रांगडा, म्हणजे उशिरा खरिपाचा कांदा, शेतात होता आणि उन्हाळ कांद्याची रोपं लागवडीला तयार होती. ती रोपं टाकली तेव्हा निर्यात चालू होती. मार्च संपता संपता बंदी पुढे वाढवली. ४ मे २०२४ ला उठवली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ ला शून्य. रोप टाकल्यापासून उन्हाळ कांदा काढेपर्यंत पाच-सहा महिने जातात. तेवढ्या काळात नियम दोनदा बदलत असतील, तर कुठल्या नियमाच्या भरवशावर 'नियोजन' करायचं ते मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं.

सोयाबीनचंही तेच, फक्त दार आयातीचं. आपलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, त्यामुळे सोयाबीनचा भाव लातूर-अकोल्यात जितका ठरतो तितकाच आयात शुल्कावर ठरतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क उपकरांसह २७.५ टक्के केलं. मे २०२५ च्या अखेरीस, पेरणीच्या तोंडावर, ते १६.५ टक्क्यांवर आणलं. मधल्या काळात ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलबियांचं राष्ट्रीय अभियान मंजूर झालं होतं: १०,१०३ कोटी रुपये, २०३०-३१ पर्यंत उत्पादन ३९० लाख टनांवरून ६९७ लाख टनांवर न्यायचं. म्हणजे तेलबिया वाढवा असंही सांगायचं आणि तेल स्वस्तात आत येऊ द्यायचं.

"ठरवून दिलेलं पेरणार नाही त्याचं अनुदान बंद करा." हा प्रयोग झालाय, आणि तो फार जुनाही नाही. तेलंगणाने २०२० च्या खरिपात 'नियंत्रित शेती' आणली. मका लावू नका, बारीक दाण्याचा भात लावा, कापूस-तूर वाढवा. नाहीतर एकरी मिळणारं रयतु बंधूचं साहाय्य मिळणार नाही. लोकांनी बहुतांशी ऐकलं. बारीक भाताचा उतारा कमी आणि खर्च जास्त, पण त्याला साजेसा दर सरकारी खरेदीत नव्हता. शेतकरी क्विंटलला २५०० रुपये मागत रस्त्यावर आले. त्याच वर्षी डिसेंबरअखेर सरकारने हे धोरण गुंडाळलं, कुणी काय पेरायचं ते ज्याने त्याने ठरवावं म्हटलं. सोबत हेही सुनावलं की सरकार म्हणजे व्यापारी किंवा गिरणीवाला नव्हे, सगळा माल विकत घेत बसणं जमणार नाही. हुकूम द्यायचा आणि माल घ्यायची वेळ आली की अंग काढून घ्यायचं.

याची उलटी बाजू पंजाबात आहे. अर्थतज्ज्ञ एस. एस. जोहल यांच्या समितीने १९८६ मध्येच सांगितलं होतं की गहू-भाताखालचं २० टक्के क्षेत्र दुसऱ्या पिकांकडे वळवा, पाणी खोल चाललंय. झालं उलट, भात वाढत ३० लाख हेक्टरांपलीकडे गेला. कारण भाताला खात्रीचं गिऱ्हाईक होतं आणि मक्याला, डाळींना ते नव्हतं. आपल्याकडे दुष्काळी तालुक्यात ऊस का वाढतो याचंही हेच उत्तर. ऊस हे असं पीक आहे की ज्याला कायद्याने ठरलेला किमान दर आहे, ठरलेला कारखाना आहे आणि १४ दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे. पैसे थकतात, आंदोलनं होतात, तरीही तुरीपेक्षा ती खात्री कितीतरी मोठी. उसावर टीका करायची तर पाण्याच्या अंगाने जरूर करा, तिथे मीही तुमच्या बाजूला आहे. पण ऊस लावणाऱ्याला हिशेब कळत नाही, असं म्हणू नका.

"इस्रायलमध्ये असंच करतात." करत नाहीत. १९५९ च्या कायद्याने तिथे सगळं पाणी सार्वजनिक मालकीचं आहे आणि शेतीला ते कोट्याने मिळतं. दूध-अंड्यांसारख्या काही गोष्टींत उत्पादनाचे कोटेही आहेत. पण आपल्याला लागणारं बहुतांश धान्य तो देश आयात करतो. १४ कोटींहून जास्त शेतजमिनीची खाती असलेल्या देशाने त्याच्याकडून ठिबक शिकावं, पेऱ्याचं वाटप शिकायचं म्हटलं तर शिकण्यासारखं तिथे काही नाही.

राहिली कर्जमाफी. तिच्यावर स्वतंत्र भांडता येईल. पण ज्या हंगामात निर्यात बंद करून भाव पाडला, त्या हंगामाचं कर्ज थकलं तर त्याचं खापर 'चुकीचं पीक निवडलं' यावर फोडणं अप्रामाणिक आहे.

नियोजन हवंच असेल तर त्याची सुरुवात दिल्लीतल्या तीन अधिसूचनांपासून व्हावी: आयात शुल्क, निर्यातीचे नियम आणि हमीभाव पेरणीच्या महिनाभर आधी जाहीर करायचे आणि माल निघून विकला जाईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. याची गरज का आहे, याचं तूर हे जवळचं उदाहरण. १ ऑक्टोबर २०२५ ला मंजूर झालेल्या डाळींच्या ११,४४० कोटींच्या अभियानात तूर, उडीद आणि मसूर यांची चार वर्षं पूर्ण खरेदी करण्याचं वचन आहे. तुरीचा २०२५-२६ चा हमीभाव ८००० रुपये आहे. आणि हे वचन दिलं त्या दिवशी तुरीची आयात ३१ मार्च २०२६ पर्यंत शुल्कमुक्तच होती.